शकीला आपांची मांडवपरतणी

शकीला आपांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारल्याचं आठवत नाही. माणसांना हाक मारायची त्यांची स्वतःची पद्धत होती आणि तीत त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. गेवराई तालुक्यात नर्सबाई म्हणून त्यांनी उभी हयात काढलेली. ज्याची नाळ त्यांनी कापली तो पुढं सरपंच झाला, ट्रॅक्टरचा मालक झाला, चार पोरांचा बाप झाला, तरी आपांसाठी तो आपला 'बे'च. "ज्याला मी उलटा धरून रडवला, त्याला अहोजाहो कशी करू?" असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्या नाळेचा त्यांच्याशी संबंध नव्हता, त्यांना त्या गावाच्या नावानं हाक मारत. मी मूळचा केज तालुक्यातल्या युसूफ वडगावचा, मास्तरकीसाठी गेवराईत आलो आणि इथलाच झालो. पण आपा भर बाजारात हाळी देत, "ओ युसूफ वडगाव, जरा इकडं या." आणि मी जायचो. न जाऊन सांगतो कुणाला?

उंची बेताची, अंगावर कायम फिक्या रंगाची साडी, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर आणि मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ, तेही आतल्या बाजूला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा अस्लम पुण्याला कंपनीत. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत एक लहानसा पितळी खलबत्ता. दुसऱ्याच्या घरचा चहा म्हणजे गरम पाणी, असं त्यांचं ठाम मत होतं. कुणाकडंही गेल्या की त्या पिशवीतून खलबत्ता काढणार, त्या घरातलंच आलं मागणार, ओट्याशी उभं राहून कुटणार आणि "आता टाक" म्हणणार. घरची बाई बिचारी पातेल्याशी पाहुण्यासारखी उभी. माझ्या बायकोला पहिल्यांदा याचा रागच आला होता. नंतर नंतर तीच आपा आल्या की आलं काढून ठेवायला लागली.

त्या वर्षी सप्टेंबरात गंगेला पूर आला. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. काठावरच्या धोंडगव्हाणात पाणी शिरलं आणि सगळं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत घालून हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात आणून ठेवलं. कार्यालय इथल्या एका पुढाऱ्याचं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी मोठ्या मनानं दार उघडलं, फोटो काढून घेतले आणि गेटवरच्या 'शुभविवाह'च्या पाटीखाली 'पूरग्रस्त बांधवांचे स्वागत' असा फलक लावला. आम्ही काही मास्तर, दोन-तीन दुकानदार आणि आपा अशी एक मदतीची टोळी आपोआप जमली होती. तिची प्रमुख कोण, हे कुणी ठरवलं नाही. ठरवायची गरजही नव्हती.

कार्यालयात 'वरपक्ष' आणि 'वधूपक्ष' अशा पाट्यांच्या खोल्या होत्या. वरच्या आळीची माणसं वरपक्षात गेली, खालच्या आळीची वधूपक्षात. नळाला पाणी फक्त वरपक्षाकडं यायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यावरून बायकांची जुंपली. शिव्यांचा कल्लोळ चालू असताना आपा मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि वरपक्षाच्या म्होरक्या बाईला म्हणाल्या, "ऐका विहीणबाई, लग्न लागायच्या आधीच मानपान सुरू केलं व्हय? पाणी द्या पोरीवाल्यांना, न्हाईतर वरात माघारी जाईल." बाई आधी रागानं बघत राहिली, मग फसकन हसली. त्या दिवसापासून दोन्ही आळ्या एकमेकींना व्याही-विहिणी म्हणायला लागल्या आणि आपाही नवीन आलेल्या प्रत्येकाला आधी विचारायच्या, "वरपक्ष का वधूपक्ष?"

हसू होतं, पण वरवरचं. पाणी ओसरलं, ऑक्टोबर लागला आणि माणसं आत कोंडल्यासारखी झाली. पुरुष दिवसभर गेटाच्या गजांना धरून हायवेवरच्या गाड्या बघत उभे राहायचे. घर दोन-अडीच कोसांवर, पण रस्ता खचलेला, गावात गुडघाभर चिखल, विंचू-काट्याचं भय. जाऊ म्हटलं तर जाता येत नाही आणि राहू म्हटलं तर दुसऱ्याच्या फरशीवर किती दिवस अंग टाकायचं? कौसाबाई नावाची एक म्हातारी होती. एकटी, पोटी कुणी नाही, घर अगदी नदीच्या कडेला. ती रोज सकाळी उठून मला विचारायची, "मास्तर, आज सोडतेत का?" जणू काही तिनं गुन्हा केला होता.

दिवाळी तोंडावर आली तशी तालुक्याला बैठक झाली. 'घरवापसीचं नियोजन' असं त्या बैठकीचं नाव. एका तरुण साहेबांनी योजना सांगितली: खचलेल्या रस्त्यावर मुरूम पडलाय, ट्रक येतील, प्रत्येक कुटुंबाला तांदूळ, ताडपत्री, बादली, ब्लिचिंग पावडर असा संच मिळेल, ट्रक गावात सोडतील, काम संपलं. तुळशीच्या लग्नानंतर कार्यालयाला लग्नाच्या तारखा होत्या, त्यामुळं अण्णांच्या माणसांनीही माना डोलावल्या.

आपा भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या खुर्चीवर बसत नसत. बसलं की गुडघे रुसतात म्हणायच्या. "साहेब, गावात गेल्यावर घरात पाय ठेवता न्हाई आला तर?"

"तसं असेल तर त्यांनी कळवावं."

"कुठून कळवावं? चिखलातून?"

आपा म्हणाल्या, "तुमचं लगीन झालंय का?"

झालं होतं.

"मग तुमची बायको लग्नानंतर सासरी आली, ती चार दिवसांनी मांडवपरतणीला माहेरी गेलती का न्हाई? आमच्यात चौथी म्हणतेत, पण काम तेच. पोरगी जाते, बघून येते. आई तिचं तोंड बघते अन् समजून घेते. मग काय द्यायचं, काय न्हाई, ते ठरतं. ह्या लोकांची मांडवपरतणी करा. आधी एक दिवस जाऊन बघून येऊ द्या. संध्याकाळी इथं परत. काय लागतंय ते त्यांच्या तोंडून ऐका, मग पाठवा."

बैठकीत हशा पिकला. पण साहेब माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "कार्यालयवाल्यांची हरकत नसेल तर माझी नाही."

खरी गोम तिथंच होती. कार्यालयाचा व्यवस्थापक बाळू बैठकीतून बाहेर पडताना माझ्या कानाशी लागला. "मास्तर, एकदा ही माणसं गेटाबाहेर पडली की अण्णा परत आत घेणार न्हाईत. मला तसं सांगितलंय." हे धोंडगव्हाणच्या लोकांनाही कळलं आणि ते पेचात पडले. बघायला जावं तर निवारा जातो, न जावं तर घर चिखलात कुजतं. एक जण तर म्हणाला, "आमी जातच न्हाई. इथंच मरतो."

आपांनी त्यावर तोड काढली. जाणाऱ्या प्रत्येकानं आपली एक वस्तू इथं ठेवून जायची. साधीसुधी नाही, जिच्यावाचून घर चालत नाही अशी. मी म्हटलं, साध्या यादीवर सह्या घेऊ. त्या माझ्यावरच खेकसल्या. "कागद घेऊन काय करू? कागद उडून जातो. वस्तू जिथं हाय तिथं माणसाचा हक्क हाय. कुणी हाकललं तर म्हणायचं, माझं जातं आत हाय, मी न्यायला आलो."

मग काय विचारता. नवरा-नवरीच्या त्या मखमली खुर्च्यांच्या आजूबाजूला जाती आली, तवे आले, शिवणयंत्र आलं, एकानं शेळी बांधली. एका सुनेनं सासूलाच ठेवलं. "जिच्यावाचून घर चालत न्हाई असं तुमीच म्हणलात," ती आपांना म्हणाली आणि सासूसकट सगळे हसले. तसंही चालता न येणाऱ्या म्हाताऱ्या मागंच राहणार होत्या. कौसाबाईनं आपलं जातं मुंडावळ्या ठेवायच्या कपाटाशेजारी नेऊन ठेवलं आणि तीही मागंच राहिली. तिला गुडघ्यानं चालवत नव्हतं. "माझं घर तेवढं बघा माय," ती जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

सकाळी ट्रक गेले. धूळ खाली बसते न बसते तोच गेटाला बाहेरून कुलूप लागलं. आत आपा, मी, म्हाताऱ्या आणि शेळी.

बाळू गेटाबाहेर उभा राहून घाम पुसत होता. "आपा, अण्णांचा फोन होता. तुमी अन् मास्तर बाहेर या, तुमच्यासाठी उघडतो. म्हाताऱ्यांना दुपारी गाडी करून गावात सोडू."

खरं सांगायचं तर मी तिथं पाहुणा होतो, माझं घर दहा मिनिटांवर होतं, तरी गजांतून हात घालून मी ते कुलूप ओढून पाहिलं. या लोकांनी महिनाभर काय काढलं असेल ते मला तेव्हा कळलं. आपांनी मात्र पिशवीतून खलबत्ता काढला.

"बाळ्या, आलं हाय का बे तुझ्याकडं?"

"आपा, मी काय म्हणतोय—"

"ऐकलं. मी न्हाई येत बाहेर. माझी वस्तू आत हाय." आणि त्या खलबत्त्यात आलं कुटायला लागल्या. बाळूनंच आणून दिलं होतं ते, गजांतून. तो तरी काय करणार? त्याची नाळही आपांनीच कापलेली.

दुपारी एक चारचाकी येऊन थांबली. कपिलधारच्या बाजूचं एक कुटुंब मुलीच्या लग्नासाठी कार्यालय बघायला आलं होतं. बाळूच्या तोंडचं पाणी पळालं. आपा गजांशी जाऊन उभ्या. "या, या. वरपक्ष का वधूपक्ष?"

मुलीचा बाप गोंधळून म्हणाला, "वधूपक्ष."

"मग आपलेच की. गेट बंद हाय, पण चहा घ्या." आणि त्यांनी कागदी कप एकेक करून गजांतून बाहेर दिले. माणसांनी ते घेतलेही. मुलीच्या आईनं आत बघितलं. मखमली खुर्च्या, जाती, शेळी आणि ओळीनं बसलेल्या म्हाताऱ्या. तिनं विचारलं, "ह्यांना कावून कोंडलंय?"

उत्तर कौसाबाईनं दिलं. "आमी घर बघायला गेलेल्यांची वाट बघतोय माय. ते आले अन् गेट लागलेलं दिसलं तर कुठं जातील?"

त्या बाईनं कप खाली ठेवला. मग बाळूला म्हणाली, "भाऊ, जिथं म्हाताऱ्यांना कुलूप लावतेत तिथं माझ्या पोरीच्या अक्षता पडणार न्हाईत. आदी ते काढा, मग कार्यालय बघू." एवढं बोलून ती गेटासमोरच्या पायरीवर बसली. नवरा "अगं" म्हणाला, पण तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. बाळू फोन घेऊन लांब गेला, बराच वेळ बोलला आणि परत येऊन त्यानं कुलूप काढलं. अण्णांना काय सांगितलं ते त्यानं कधीच सांगितलं नाही.

संध्याकाळी ट्रक परतले. गेट सताड उघडं होतं. माणसं चिखलानं माखलेली. आपांनी कुणालाच प्रश्न विचारला नाही. चहा दिला आणि तोंडाकडं बघत राहिल्या. हळूहळू एकेक जण बोलायला लागला. तांदळाचं कुणी नाव काढलं नाही, ताडपत्रीचंही नाही. एक बाई म्हणाली, "चिखल काढू आमी, त्याचं काय न्हाई. पण दार लागत न्हाई. लाकूड फुगलंय. पोरगी जवान हाय, उघड्या घरात निजवू कशी?" मग दुसरीनं तेच सांगितलं, मग तिसरीनं. सगळ्या गावाची दारं फुगली होती. चौकटीत बसत नव्हती. मदत म्हणून दार लागतं करून द्यावं, हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आपा गेवराईच्या सुतार गल्लीत गेल्या आणि हनीफ मिस्त्रीला दारातूनच म्हणाल्या, "रंधा घे बे, चल." हनीफनं आपल्या भावाबंदांना गोळा केलं. साहेबांनी गाडी दिली, हे त्यांचं मोठेपण. सुतार आधी गावात गेले आणि माणसं मागून. एकेक दार खाली उतरवून तासलं, परत बसवलं. आपा प्रत्येक घरात आत जायच्या, दार लावायच्या, आतली कडी घालायच्या, थोडं थांबायच्या आणि कडी काढून बाहेर यायच्या. हनीफ एकदा वैतागून म्हणाला, "आपा, लागतंय की. परत परत काय बघता?"

"आतून लागलं पाहिजे अन् आतूनच उघडलं पाहिजे," आपा म्हणाल्या. "कडी आतल्या माणसाच्या हातात असंल तर ते घर. न्हाईतर ते आपलं मंगल कार्यालयच."

दिवाळीला धोंडगव्हाणात पणत्या लागल्या. सगळ्यांच्या दारात लागल्या असं मात्र नाही. नदीच्या कडेची जी काही घरं होती ती राहिलीच नव्हती. कौसाबाईच्या घराचा तर नुसता उंबरा उरला होता. या लोकांना गायरानात पत्र्याच्या खोल्या मिळाल्या, 'तात्पुरत्या' म्हणून. त्या आजही तात्पुरत्याच आहेत. कार्यालयात पहिल्या लग्नाची आवराआवर झाली तेव्हा कौसाबाईचं जातं कुणीतरी मागच्या उकिरड्यावर टाकलं. आपा आणि बाळूनं ते शोधलं, पण वरची तळी सापडली नाही. आपांनी त्यानंतर किती दारं ठोठावली, किती साहेबांशी भांडण केलं, ते मी बघितलं आहे. दर शुक्रवारी त्या गायरानात जायच्या. पत्र्याच्या खोलीला बाहेरून कडी होती, आतून नव्हती. हनीफकडून तेवढी बसवून घेतली. त्यापुढं त्यांचं काही चाललं नाही आणि माझ्या मते तिथंच त्या खचल्या. त्या बाईला मी आधी कधी हताश बघितलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात त्याच गायरानात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. अस्लम पुण्याहून धावत आला. मुलगा गुणी, आईवर जीव. "अम्मी, महिनाभर चला. बघून तर या. नाही आवडलं तर मी स्वतः सोडायला येतो."

जायच्या दिवशी मी भेटायला गेलो. आपांनी पिशवी माझ्या हातात दिली. आत खलबत्ता.

"हे तुमच्या घरी राहू द्या, युसूफ वडगाव. मी बघून येते."

मी म्हटलं, "पुण्यात आलं कशात कुटणार?"

"काही दिवसांचा तर प्रश्न हाय. पिईन गरम पाणी."

महिना झाला, दुसरा झाला. मग त्यांचं इथलं घर अस्लमनं एका शिकवणीवाल्याला भाड्यानं दिल्याचं कानावर आलं. फोनवर आपा "येते, येते" म्हणायच्या. पुढं त्यांचा फोन लागेना.

हिवाळ्यात एका कामासाठी पुण्याला जाणं झालं. मी खलबत्ता बरोबर घेतला. बाईला आपल्या हातचा चहा तरी मिळेल, एवढाच विचार. तिसऱ्या मजल्यावरचं घर. बाहेर लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप. आत लाकडी दार उघडं. घंटा वाजवली तशा आपा वॉकरला धरून सावकाश आल्या. वाळल्या होत्या. घड्याळ मनगटावरून खाली घसरलं होतं.

मला बघून डोळे लकाकले. "वरपक्ष का वधूपक्ष?"

"वधूपक्ष," मी म्हटलं.

"मग आपलेच. पण किल्ली अस्लमकडं हाय. दोघं कामावर जातेत. मी एकदा खाली उतरून, रिक्षा करून थेट गेवराईच्या एसटीत बसले होते. कंडक्टरनं चांगली खिडकीजवळ जागा दिलती. अस्लमनं उतरवलं. तवापासून कुलूप." मग म्हणाल्या, "पोरगं रडलं हो माझं. त्याला काय बोलू?"

आम्ही जाळीतून बोलत राहिलो. कौसाबाई कशी आहे, हनीफ काय करतो, बाळ्याच्या बायकोला दिवस गेले होते त्याचं काय झालं. मग मी पिशवीतून खलबत्ता काढला आणि जाळीशी धरला.

आपांचा चेहरा एकदम उतरला. "हे कावून आणलं?"

"तुम्हाला चहाला—"

"तिथं ठेवलं होतं ना मी. हे इथं आलं तर माझं तिथं काय राहिलं?"

जाळीची भोकं बारीक होती. बत्ता आत गेला असता, खल जाण्यासारखा नव्हता. त्यांनीही ते पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं असावं. "न्या, परत न्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या ओट्यावर ठेवा. अन् अस्लमला फोन करा. म्हणावं, आपांचं बघून झालंय."

मी हो म्हणालो. फोन मी केला, नंतरही करत राहिलो. त्याचंही बरोबरच होतं, गेवराईत एकट्या म्हातारीला कोण बघणार, असं तो म्हणायचा.

"जा आता, गाडी चुकंल तुमची," आपा म्हणाल्या आणि त्यांनी लाकडी दार हळूच लोटलं. मी पिशवी घेऊन जिना उतरायला लागलो. वरून आतली कडी लागल्याचा आवाज आला. थोडा वेळ गेला आणि ती काढल्याचा आला. मी खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या ती लावत होत्या आणि काढत होत्या.